रक्तांतील विकरें, पेशींचें स्निग्धावरण आणि एका कुपीची हकीकत

‘प्रतिकारशक्ति वाढवा’ हा मंत्र हल्लीं इतक्या ठिकाणांहून कानीं पडतो कीं, प्रतिकारशक्ति म्हणजे जणूं कणगींतील धान्य असून तें जितकें अधिक सांठवावें तितकें बरें, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनहि रूढ झाली आहे. काढे, चाटणें, चूर्णें व गोळ्या यांच्या जाहिरातींचा उपद्रव बहुधा खिशापुरताच असतो. परंतु याच मंत्राचा आधार घेऊन, अस्सल शास्त्राची भाषा बोलत, कर्करोगाच्या रोग्याच्या अंथरुणापर्यंत जाऊन पोंचणारी एक कुपी या शतकाच्या दुसऱ्या दशकांत देशोदेशीं विकली गेली. तिच्यामागें जी उपपत्ति सांगण्यांत येते, तिच्यांत रक्तांतील विकरें आणि पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यें यांचा मोठा भरणा आहे. आणि गंमत अशी कीं, त्या उपपत्तीचा पहिला निम्मा भाग पुष्कळ अंशीं खरा आहे. सर्वस्वीं खोटें बोलणाऱ्यास आपण दारांतूनच वाटेस लावतों. अर्धें खरें बोलणाऱ्यास मात्र बैठकीवर बसवून चहा देतों. म्हणून आज प्रथम खरें काय तें पाहूं, व मग त्या कुपीकडे वळूं.

विकर म्हणजे ज्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात तें. शरीरांतील रासायनिक घडामोड जलद घडवून आणणारें, पण स्वतः खर्चीं न पडणारें असें हें प्रथिन असतें. भाताचा घांस बराच वेळ चावला असतां तो गोड लागूं लागतो, तो लाळेंतील अशाच एका विकराचा प्रताप होय.

रक्तांतील व शरीरांतील कांहीं फिरत्या पेशी परक्या वस्तूस गिळून टाकतात, ही गोष्ट रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉफ यानें इ. स. १८८२ मध्यें सिसिली बेटांतील मेसिना येथें ताडली. तारामाशाच्या पारदर्शक अर्भकाच्या अंगांत त्यानें बारीक कांटे खुपसून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! १९०८ सालचें नोबेल पारितोषिक त्यास व जर्मन शास्त्रज्ञ अर्लिख यास मिळून देण्यांत आलें. या भक्षक पेशींपैकीं आकारानें मोठ्या ज्या, त्यांस महाभक्षक पेशी म्हणतात. यकृत, प्लीहा, फुप्फुसें इत्यादि अवयवांत त्यांचीं ठाणीं असतात. पण कोणास गिळावें, कोणास सोडावें, आणि गिळल्यावर आरडाओरड करून इतरांस जमवावें कीं मुकाट्यानें आपलें काम उरकावें, हें त्या पेशीस कोण सांगतें? मेच्निकॉफच्या काळीं या प्रश्नास उत्तर नव्हतें. आज तें सर्वांशीं मिळालें आहे असें नव्हे; तथापि त्याचा एक मोठा भाग पेशींच्या आवरणावरच लिहिलेला असतो, एवढें निश्चित झालें आहे.

हें आवरण मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचें असतें. हॉलंडमधील लायडन येथील गॉर्टर व ग्रेंडेल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९२५ मध्यें रक्ताच्या तांबड्या पेशींतील सर्व स्निग्धांश काढून घेतला व तो पाण्यावर एकेरी थरानें पसरला. तेव्हां त्यानें व्यापलेली जागा त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरली. यावरून आवरण दुपदरी असलें पाहिजे असें त्यांनीं अनुमान केलें. पुढें असें दिसून आलें कीं, स्निग्धांश काढतांना कांहीं भाग मागें राहिला होता आणि पेशींचा पृष्ठभागहि त्यांनीं कमीच धरला होता. दोन चुका परस्परांस खाऊन गेल्या आणि अनुमान मात्र अचूक ठरलें. शास्त्राच्या इतिहासांत असें भाग्य क्वचितच कोणाच्या वांट्यास येतें. या दुपदरी पडद्याची जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी, आणि तोहि घट्ट नव्हे, तर तेलासारखा वाहता.

यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे लेसिथिन. अंड्याच्या पिवळ्या बलकावरून त्यास हें ग्रीक नांव पडलें. आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्वयंपाकघरांत बलकास प्रवेश नसेल. त्यांनीं सोयाबीनचें स्मरण करावें, त्यांतहि तें विपुल असतें. लेसिथिन बव्हंशीं पडद्याच्या बाहेरच्या पदरांत राहतें. उलट फॉस्फॅटिडिल-सेरिन नांवाचें दुसरें स्निग्ध द्रव्य जवळजवळ सर्व आंतल्या पदरांत असतें, कोटाच्या आंतून अस्तर असावें तसें. हें आपोआप होत नाहीं. पेशीच्या आवरणांत एक विकर अहोरात्र जागें असतें, आणि अस्तराचा जो कण चुकून बाहेर जाईल त्यास तें शक्ति खर्चून आंत ओढून घेतें.

पेशी मरावयास लागली म्हणजे हें पहारेकरी विकर तोडलें जातें, दुसरें एक यंत्र जागें होऊन दोन्ही पदरांची सरमिसळ करतें, आणि अस्तर बाहेर दिसूं लागतें. महाभक्षक पेशीस ही खूण ओळखूं येते व ती त्या मरणोन्मुख पेशीस गिळून टाकते, असें १९९२ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. निरोगी मनुष्याच्या शरीरांत दर सेकंदास सुमारें वीस लाख तांबड्या पेशी जुन्या होऊन निकालांत निघतात, आणि त्यांना उचलण्याचें काम मुख्यतः याच महाभक्षक पेशी करतात. ओळखण्याच्या इतरहि खुणा आहेत, पण अस्तराची खूण त्यांत महत्त्वाची. आणि विशेष लक्षांत घेण्याजोगें हें कीं, या खुणेवरून गिळतांना महाभक्षक पेशी ओरडत नाहीं. दाह नाहीं, ज्वर नाहीं, सूज नाहीं. उलट आसपासच्या पेशींस शांत करणारीं द्रव्यें ती सोडते. तीच पेशी जंतूस गिळते तेव्हां मात्र सर्व वाडा जागा करते. म्हणजे ‘महाभक्षक पेशी कामास लागली’ एवढ्यावरून कांहींच कळत नाहीं; ती कोणत्या कामास लागली, हा खरा प्रश्न.

आतां दुसरी बाजू. याच लेसिथिनचा एक पाय तोडणारें विकर आहे. त्यास फॉस्फोलिपेज ए-२ म्हणतात. त्याची ओळख मनुष्यास सापाच्या विषामुळें झाली. नागाचें विष तांबड्या पेशी फोडतें, पण त्यासाठीं त्यास लेसिथिनचें साहाय्य लागतें, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच अर्लिखच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें होतें. विषांतील विकरानें लेसिथिनचा पाय तोडला म्हणजे जें उरतें त्यास लायसोलेसिथिन, म्हणजे ‘फोडणारें लेसिथिन’, असें नांव मिळालें. त्याचा गुण साबणासारखा. रिठ्याच्या फेसानें तेलकटपणा सुटावा तसा त्यानें पेशींचा पडदा विरतो. परंतु हें विकर केवळ नागाच्या दाढेंत नाहीं. आपल्या स्वादुपिंडांत आहे, रक्तांत आहे, आणि संधिवातानें सुजलेल्या गुडघ्यांतील पाण्यांत तर त्याचा सुकाळ असतो. शरीरांत कोठें दाह सुरू झाला कीं हें विकर पेशींच्या पडद्यांतून स्निग्ध तुकडे तोडूं लागतें, आणि ते तुकडे निरोप्याचें काम करतात.

यांपैकीं एक निरोप्या आपल्या घरांतील सर्वांच्या परिचयाचा आहे, जरी त्याचें नांव ठाऊक नसलें तरी. तोडलेला पाय पुष्कळदां ॲराकिडॉनिक आम्लाचा असतो. दुसरें एक विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें बनवितें, आणि ताप, ठणका व सूज यांस बव्हंशीं तींच कारण होत. ॲस्पिरिनची गोळी १८९९ पासून विकली जात होती. ती नेमकें काय करते हें इंग्लंडांत जॉन व्हेन यानें १९७१ मध्यें शोधून काढलें. ती या दुसऱ्या विकराचा हात धरते. या विषयावरील संशोधनाबद्दल १९८२ चें नोबेल पारितोषिक व्हेन व दोन स्वीडिश शास्त्रज्ञ यांस मिळालें. तेव्हां रक्तांतील विकरें व पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यें यांचा प्रतिकारक पेशींच्या हालचालींवर अंमल चालतो, हें कोणा भोंदूचें म्हणणें नसून वैद्यकांतील एक भक्कम सत्य आहे.

याच भक्कम पायावर जपानी वंशाचे अमेरिकेंतील संशोधक नोबुतो यामामोतो यांनीं आपली उपपत्ति उभारली. ती अशी: दाह झाला म्हणजे पेशींच्या पडद्यांतून लायसोलेसिथिन सुटतें. तें लिंफपेशींस चेतवितें. रक्तांत यकृतांतून आलेलें एक प्रथिन असतें. ड जीवनसत्त्व वाहून नेणें हें त्याचें मुख्य काम, आणि जीसी हें त्याचें संक्षिप्त नांव. या प्रथिनास एके ठिकाणीं शर्करेची तीन मण्यांची लहानशी माळ लोंबत असते. बी-पेशी व टी-पेशी या दोन प्रकारच्या लिंफपेशींच्या अंगावर एक एक विकर असतें. एक बाहेरचा एक मणी काढतें, दुसरें दुसरा. एकच मणी उरलेलें हें प्रथिन महाभक्षक पेशीस चेतवितें. आणि कर्करोगाच्या पेशी? त्या नागालेज नांवाचें विकर रक्तांत सोडून तो शेवटचा मणीहि काढून नेतात, त्यामुळें महाभक्षक पेशी निद्रिस्त राहते. तेव्हां एक मण्याचें प्रथिन बाहेर तयार करून टोंचलें म्हणजे झालें! त्या औषधास जीसी-मॅफ असें नांव मिळालें.

उपपत्ति सुबक आहे, यांत संशय नाहीं. दुष्ट विकर, भोळी पेशी, आणि एका मण्यानें जिंकलेली लढाई. एखाद्या पौराणिक आख्यानास शोभावी अशीच ही रचना आहे. परंतु शरीर आपल्या आख्यानाच्या सोयीनें चालत नाहीं.

ती माळ जीसी प्रथिनाच्या ज्या जागीं असते, तेथें थ्रिओनिन नांवाचा घटक असावा लागतो. पण जगांतील लक्षावधि निरोगी माणसांत आईबाप दोघांकडूनहि या प्रथिनाचा दुसरा प्रकार आलेला असतो, ज्यांत त्या जागीं लायसिन असतें. आणि लायसिनवर अशी माळ बसतच नाहीं. त्या माणसांच्या महाभक्षक पेशी जन्मभर झोंपून राहिल्याचें कोठें आढळलेलें नाहीं. याहून नवलाची गोष्ट १९ व्या शतकांत नव्हे, तर परवां २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. कॅनडांतील ५८ वर्षांच्या एका स्त्रीच्या रक्तांत हें प्रथिन मुळींच नव्हतें. तिची हाडें व सांधे दुखणाईत होते हें खरें. पण ज्या प्रथिनावांचून प्रतिकाराचें दारच उघडत नाहीं असें सांगतात, त्यावांचून ती साठीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचली होती.

नागालेजची गोष्टहि तशीच. हें विकर कर्करोगाची मिरास नव्हे. आपल्या प्रत्येक पेशींत, टाकाऊ द्रव्यें मोडण्याची जी लहानशी पिशवी असते, तींत तें असतें. त्या पिशवींतील आंबट वातावरणांतच तें नीट काम करतें. रक्त आंबट नसतें, किंचित् क्षारयुक्त असतें; तेथें त्याची मात्रा फारशी चालत नाहीं. जन्मतःच हें विकर नसलेलीं कांहीं थोडीं मुलें १९८० नंतर वैद्यांच्या पाहण्यांत आलीं. उपपत्ति खरी असती तर तीं अजिंक्य असावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत त्यांतील कांहींच्या मेंदूचा व मज्जातंतूंचा बालपणींच ऱ्हास झाला. तरीहि ‘नागालेजची तपासणी’ पैसे घेऊन करून देणारे व तिच्या आंकड्यावरून कर्करोग वाढला कीं हटला हें सांगणारे निघालेच.

आणि रोगी बरे झाले, त्याचें काय? २००७-०८ या सुमारास यामामोतो व त्यांचे सहकारी यांनीं कर्करोगाच्या रोग्यांवरील निबंध प्रसिद्ध केले. स्तनाच्या कर्करोगाच्या रोगी १६, मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचे ८. आठवड्यास एक सुई, आणि वर्षानुवर्षें रोग परत नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. परंतु औषध न दिलेल्या रोग्यांचा गट तुलनेस ठेवलेला नव्हता. आंतड्याच्या रोग्यांची गांठ शस्त्रक्रियेनें आधींच काढलेली होती. आणि सुधारणा मोजली ती मुख्यत्वें गांठीवरून नव्हे, तर नागालेजच्या आंकड्यावरून, म्हणजे जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत धरून. आंतड्याच्या कर्करोगावरील निबंध तर २०१४ मध्यें ज्या मासिकानें छापला त्यानेंच मागें घेतला; रोग्यांवर प्रयोग करण्यास रीतसर संमति देणाऱ्या मंडळाच्या कागदपत्रांत गोंधळ आढळला होता.

शास्त्रज्ञाची उपपत्ति चुकणें हा कांहीं गुन्हा नव्हे. उपपत्ति तपासून होण्यापूर्वींच तिच्या कुप्या भरणें ही वेगळी गोष्ट, आणि ती दुसऱ्यांनीं केली. इंग्लंडांतील केंब्रिजशायर परगण्यांत मिल्टन या गांवीं जीसी-मॅफ तयार करण्याचा एक परवान्यावांचूनचा कारखाना चालत होता. औषधांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यानें २०१५ मध्यें तेथें छापा घालून दहा हजारांहून अधिक कुप्या जप्त केल्या. त्या ज्या रक्तद्रवापासून बनविल्या जात, त्यावर तो मनुष्यास देण्यासाठीं नाहीं असें स्पष्ट लिहिलेलें होतें, आणि कुप्या निर्जंतुक असल्याची कांहीं खात्री नव्हती. कर्करोगाच्या रोग्यांप्रमाणेंच आत्ममग्न मुलांच्या आईबापांसहि हें औषध विकलें जात असे. कंपनीच्या चालकास नोव्हेंबर २०१८ मध्यें लंडनच्या न्यायालयानें १५ महिन्यांची कैद ठोठावली.

येथें कोणी म्हणेल कीं, औषध खोटें असेल, पण महाभक्षक पेशी चेतविण्याची कल्पना तरी खरी ना? ती मुळांतच तपासून घेतली पाहिजे. कर्करोगाच्या कित्येक गांठींत महाभक्षक पेशींची कांहीं वाण नसते. तेथें त्यांची गर्दीच असते. पण गांठीच्या संगतीनें त्या भरलेली जखम दुरुस्त करावी तशा वागूं लागतात, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात, आणि दुसऱ्या लढाऊ पेशींस दूर ठेवतात. म्हणजे शत्रूच्या गोटांत राहून त्याचेंच घर बांधणें. अशा पेशींस नुसतें ‘वाढवून’ कोणाचें भलें होणार? उलट जंतुदोष रक्तांत पसरला असतां रोगी दगावतो तो पुष्कळदां जंतूंच्या संख्येपेक्षां आपल्याच प्रतिकाराच्या अतिरेकानें. कणगीची उपमा म्हणूनच आम्हांस पसंत नाहीं. प्रतिकार ही चुलींतील आंच आहे. भात शिजण्यापुरती हवी, घरास लागण्याइतकी नको, आणि ती कमीजास्त करणें हेंच त्या स्निग्ध निरोप्यांचें व विकरांचें काम.

प्रतिकारशक्तीच्या द्वारें कर्करोगावर उपचार होत नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. लढाऊ टी-पेशींवर शरीरानेंच लावलेला लगाम सैल करण्याच्या शोधाबद्दल अमेरिकेचे ॲलिसन व जपानचे होन्जो यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तीं औषधें आज आपल्या देशांतील मोठ्या रुग्णालयांतूनहि दिलीं जातात. तीं सर्वांस लागू पडत नाहींत. लगाम सुटलेल्या पेशी कित्येकदां रोग्याच्या आंतड्यांवर, कंठस्थ ग्रंथीवर वा फुप्फुसांवर उलटतात, आणि डॉक्टरांस मग उपचार थांबवून उलट दिशेचीं औषधें द्यावीं लागतात. जीसी-मॅफच्या माहितीपत्रकांत दुष्परिणामांचा रकाना जवळजवळ कोराच असे. जाणत्या वाचकास तेवढी एक खूणहि पुरेशी होती. ज्या घरीं हें दुखणें आलें आहे तेथें कोणी स्नेही असें पत्रक घेऊन आला, तर त्याच्यावर रागावूं नये, कारण तो बहुधा प्रेमापोटींच आलेला असतो. कुपी कोणाच्या रक्तापासून केली, तिला परवाना कोणी दिला, आणि ती न घेतलेल्या रोग्यांशीं ताडून कोणी पाहिलें आहे काय, एवढें त्यास विचारावें, आणि पत्रक घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावें.

आणि जिला खरोखर प्रतिकार चेतविणारें औषध म्हणतां येईल, अशी एक जुनी वस्तु तर आपल्या घराघरांतील बालकांच्या दंडावर आपली खूण ठेवून गेली आहे. क्षयाविरुद्ध दिली जाणारी बीसीजीची लस मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगांत पिचकारीनें थेट मूत्राशयांतच सोडतात. कॅनडांतील मोरालेस व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ मध्यें तिचा गुण प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर अनेक देशांत, रोग्यांचे गट पाडून, तो पुनःपुन्हां तपासून पाहण्यांत आला. लसींतील दुबळे केलेले जंतु मूत्राशयाच्या आंतल्या अस्तरास चिकटतात, आणि त्यांच्यामागोमाग भक्षक पेशी, महाभक्षक पेशी व टी-पेशी यांची रीघ लागते. रोग्यास जळजळ होते, वारंवार लघवीस जावें लागतें, एखादा दिवस तापहि येतो. आणि लघवींतून रक्त जात असेल त्या दिवशीं डॉक्टर पिचकारी न देतां रोग्यास घरीं पाठवितात.